पोतं किती किलोचं असावं? मनमाडच्या यार्डातून पॅकेजिंगकडे बघताना

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘ताग हे शाश्वत पॅकेजिंग मटेरियल आहे.’ गाइडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात तीन शब्द लिहिले. ‘कशाच्या तुलनेत? कोणासाठी?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला चारेक महिने लागले. दुसऱ्याचं अजून शोधतेय. तुमच्यापैकी जे पीएचडीचा विषय ठरवण्याच्या टप्प्यावर आहेत, त्यांना यातला घोळ आधीच कळलेला बरा. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझा विषय धान्याच्या पोत्यांचा. एमएस्सी पॉलिमर केमिस्ट्रीत झाली, त्यामुळे पॅकेजिंग म्हणजे फिल्म, जाडी, पाण्याची वाफ किती आत शिरते, ताण किती सोसतं, एवढंच डोक्यात होतं. आणि घर मनमाडला. इकडे अन्न महामंडळाचा देशातल्या मोठ्या डेपोंपैकी एक डेपो आहे. लहानपणापासून थप्प्या, पोती, ट्रकांच्या रांगा बघितल्यात. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, यार्डात एका ठेकेदाराकडे हमाल होते. तरीही सिनॉप्सिस लिहिताना ते सगळं मला ‘संदर्भ’ वाटलं नव्हतं. विज्ञानातल्या लोकांची ही जुनी खोड आहे: घरात घडतं ते आपण डेटा मानत नाही.

आधी ‘कशाच्या तुलनेत’चं बघू.

दोन वेष्टनांची तुलना करायची तर हल्ली लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे एलसीए करतात. कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत वस्तूचा सगळा प्रवास धरायचा आणि प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा, पाणी, उत्सर्जन मोजायचं. गंमत म्हणजे ही पद्धत मुळात पॅकेजिंगच्याच प्रश्नातून निघाली. १९६९ साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीने मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून वेगवेगळ्या बाटल्या-डब्यांची तुलना करून घेतली होती. एलसीएचा इतिहास बहुतेक ठिकाणी तिथून सुरू केलेला दिसेल.

एलसीएमध्ये सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते ‘फंक्शनल युनिट’. म्हणजे वस्तू नाही, तर वस्तूने करायचं काम. एका पिशवीची दुसऱ्या पिशवीशी तुलना करायची नसते, एका कामासाठी लागणाऱ्या पिशव्यांची करायची असते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ सालचा सुपरमार्केटच्या पिशव्यांवरचा अहवाल या बाबतीत जरूर वाचा. तिथे काम ठरवलं होतं एका महिन्याची खरेदी घरी नेणं. आणि निष्कर्ष असा की हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं तर सुती पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा सरस ठरायला किमान १३१ वेळा वापरावी लागते. प्लास्टिकच्या सगळ्या पिशव्या नंतर कचऱ्याच्या डब्यात लावायला वापरल्या जातात असं धरलं तर हाच आकडा ३२७ होतो. पिशवी तीच, शहर तेच, फक्त एक गृहीतक बदललं.

म्हणून मीही काम ठरवलं: एक टन धान्य गोदामात साठवून पुढे पोचवणं. आणि गणित मांडलं.

जुनं तागाचं पोतं, ज्याला व्यापारात बी-ट्विल म्हणतात, ते ४४ इंच बाय साडेसव्वीस इंच, वजनाने सव्वादोन पौंड, म्हणजे साधारण १०२० ग्रॅम. त्यात क्विंटलभर धान्य. एका टनाला दहा पोती, म्हणजे १०.२ किलो ताग. आत्ताचं ५० किलोचं हलकं पोतं ५८० ग्रॅमचं. एका टनाला वीस पोती, ११.६ किलो ताग. प्लास्टिकची विणलेली गोणी साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅमची, म्हणजे टनाला दोन-अडीच किलो.

आता तागाच्या दोन पोत्यांपुरतंच बघा. शंभर किलोचं पोतं जिंकतं. एका टनामागे सुमारे १२ टक्के ताग कमी लागतो. शेत कमी, पाणी कमी, गिरणीतली वीज कमी, शिलाई निम्मी. मी तक्त्यात खूण केली, आलेख काढला आणि दिवाळीला घरी गेले.

आबांना मी उत्साहात सांगितलं की कागदावर बघितलं तर जुनं मोठं पोतंच पर्यावरणाला जास्त चांगलं निघतंय. ते म्हणाले, “पोरी, हात लाव इथं.” मानेच्या मागे, खांद्यांच्या मधोमध त्यांना एक उंचवटा आहे, कातडी तिथे बुटाच्या चामड्यासारखी झालेली. तो मी लहानपणापासून बघितलाय. त्यावर डोकं टेकून झोपलेयसुद्धा. पण तो माझ्या तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात नव्हता, कारण मी काम ठरवलं होतं ‘एक टन धान्य’. टन कोणी उचलत नाही. उचललं जातं ते पोतं.

इथून मी इतिहासाकडे वळले. शंभर किलो हा आकडा आला कुठून?

आपल्याकडे गोणी फार जुनी. ‘गोणी’ हा शब्द संस्कृतातही आहे आणि इंग्रजांनी त्यावरूनच त्यांचा ‘गनी’ हा शब्द केला. रेल्वेच्या आधी दख्खनमधलं धान्य-मीठ वाहायचे ते प्रामुख्याने लमाण. त्यांची गोणी बैलाच्या पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना सारखं वजन. म्हणजे त्या वेष्टनाचा आकार बैलाच्या पाठीने ठरवलेला. धागा मात्र आजच्या तागाचा नव्हे. इथे एक सावधगिरी: मराठीत ‘ताग’ म्हणजे शाळेच्या पुस्तकात बंगालचं ज्यूट, पण आपला शेतकरी हिरवळीच्या खतासाठी ‘ताग’ पेरतो ती वेगळीच वनस्पती, तिला हिंदीत सन किंवा सनई म्हणतात. शिवाय अंबाडी वेगळी. जुन्या मराठी कागदांत ‘ताग’ दिसला की लगेच ज्यूट लिहून मोकळं होऊ नका. मी झाले होते. दोन पानं फाडावी लागली.

ज्यूटचं पोतं जगभर गेलं ते एकोणिसाव्या शतकात. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या गिरण्यांना १८३० च्या दशकात कळलं की हा कडक धागा व्हेल माशाचं तेल आणि पाणी लावून मऊ केला तर यंत्रावर कातता येतो. १८५५ मध्ये जॉर्ज ॲकलंड नावाच्या गृहस्थाने कलकत्त्याजवळ रिश्रा इथे गिरणी काढली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत हुगळीकाठच्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकलं. जगाचा गहू, कॉफी, साखर, कापूस सगळं कलकत्त्याच्या पोत्यात भरलं जाऊ लागलं. बी-ट्विलची मापं त्याच काळच्या इंच-पौंडांच्या जगातली. त्यात अडीच बंगाली मण, म्हणजे ९३ किलोच्या आसपास धान्य आरामात मावतं. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, मण जाऊन क्विंटल आला आणि तेच पोतं थोडं दाबून शंभर किलोचं झालं. हिशेबाला सोपं. एक पोतं, एक क्विंटल. सोय झाली ती वही लिहिणाऱ्याची.

मनमाडला या पोत्याचं काय व्हायचं, ते समजायला रेल्वेचं थोडं बघावं लागतं. मनमाडवरून जाणारी मुंबई-भुसावळ लाइन ब्रॉडगेज, रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. १८७८ ला दौंडकडून आलेली लाइनही ब्रॉडगेजच. पण १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून, सिकंदराबाद-औरंगाबादकडून जी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडला येऊन मिळाली ती मीटरगेज होती, १००० मिलिमीटर. एका रुळावरची वॅगन दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. त्यामुळे मराठवाड्यातून मुंबईकडे जाणारा आणि तिकडून येणारा माल मनमाडला एका वॅगनीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. दोन-सव्वादोन फुटांच्या फरकासाठी प्रत्येक पोतं माणसाच्या पाठीवरून जायचं. १९९० च्या दशकात ती लाइन ब्रॉडगेज झाली तेव्हा हे संपलं. म्हणजे साधारण नव्वद वर्षं.

१८७० च्या दशकात हिंदुस्थानात दोन गेज असावेत की नकोत यावर इंग्रजांमध्ये मोठा वाद झाला होता. मीटरगेज बांधायला स्वस्त, हा एक पक्ष. माल उतरवण्या-चढवण्याचा खर्च नंतर कायमचा बसेल, हा दुसरा. दोन्ही बाजूंनी तो खर्च टनामागे किती, असाच मोजला. फंक्शनल युनिट हा शब्द तेव्हा जन्मायचा होता, पण माझी चूक तेव्हापासूनचीच आहे असं म्हणायला हरकत नाही.

आबांना मी विचारलं की दिवसाला किती पोती? त्यांनी आकडा सांगितला नाही. “गाडी खाली होईस्तोवर,” म्हणाले. दोघं जण पोतं धरून पाठीवर देणार, तिसरा ते घेऊन फळीवरून पलीकडच्या वॅगनीत जाणार, आत थप्पी मारणारा चौथा. फळी पावसात निसरडी होते. ताग पावसात भिजला की पोतंच जड होतं. कोरड्या दिसणाऱ्या तागातही साधारण १४ टक्के पाणी मुरलेलं असतं आणि दमट हवेत ते २० टक्क्यांच्या पुढे जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांना ते पाठीने ठाऊक होतं.

पोत्याचं वजन हा पॅकेजिंगचा प्रश्न आहे, हे पहिल्यांदा मांडलं ते कुठल्या प्रयोगशाळेने नव्हे. हमालांनी मांडलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की एका प्रौढ पुरुषाला ५५ किलोपेक्षा जास्त ओझं एकट्याने वाहायला लावू नये. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातही कलम ३४ होतं, इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये असं सांगणारं; पण आकडा ठरवायचं काम राज्यांवर सोडलेलं. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी, हमाल कामगारांचा कायदा झाला, देशातला आपल्या प्रकारचा पहिला. त्यात मजुरी, नोंदणी, भविष्यनिर्वाह यांची सोय झाली. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजनच कमी करा ही मागणी लावून धरली. पुढे हळूहळू ५० किलोचं पोतं रूढ होत गेलं, सरकारी धान्य खरेदीतसुद्धा.

माझ्या गणितात १०.२ किलोचे जे ११.६ किलो झाले, तो १४ टक्के जास्तीचा ताग म्हणजे हे. मी त्याला तक्त्यात ‘मटेरियलची अकार्यक्षमता’ असं नाव दिलं होतं!

आता प्लास्टिकचं. तिथे मामला आणखी गुंतागुंतीचा आहे आणि मला अजून माझं एक मत देता येत नाही.

विणलेल्या प्लास्टिकच्या गोण्या १९७०-८० च्या दशकांत स्वस्त झाल्या आणि खत, सिमेंट यांनी तागाला सोडचिठ्ठी द्यायला सुरुवात केली. सिमेंटचं कारण साधं होतं, तागाच्या छिद्रांतून पावडर गळायची. बंगालच्या गिरण्या आणि शेतकरी वाचवायला १९८७ मध्ये ज्यूट पॅकेजिंगची सक्ती करणारा कायदा आला. सिमेंट कंपन्या कोर्टात गेल्या, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तरीही प्रत्यक्षात सक्ती आकसत गेली आणि अलीकडच्या वर्षांत मुख्यतः दोनच वस्तू उरल्या: अन्नधान्य, आणि साखरेचा पाचवा हिस्सा. म्हणजे रेशनचा गहू तागात येतो, तो ताग ‘हिरवा’ आहे एवढ्याच कारणाने नव्हे. त्यामागे एका दुसऱ्या राज्यातली शेती आहे. शाश्वततेचे पेपर वाचताना कायद्यांचा इतिहास बाजूला ठेवला तर हे दिसतच नाही.

बरं, गोदामात तागाचे फायदे खरे आहेत. तागाची पोती खरखरीत, एकमेकांवर घसरत नाहीत, त्यामुळे उंच थप्पी उभी राहते. कीड मारायला थप्पीवर ताडपत्री टाकून ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात, तो वायू तागातून आत सहज शिरतो. हमालाचा हूक किंवा नमुना काढायची टोकदार नळी घुसली तर तागाचे धागे बाजूला सरतात आणि नंतर पुन्हा जवळ येतात. प्लास्टिकची पट्टी तुटली की तुटली. उन्हात राहिलेली प्लास्टिकची गोणी हातात घेतली तर चुरा होतो, तो चुरा मातीतच राहतो. आणि रिकामं बारदान विकलं जातं. एकदा वापरलेलं, दोनदा वापरलेलं, प्रत्येकाचा भाव वेगळा. शेवटी फाटलं की गोणपाट होतं: दाराशी पाय पुसायला, कूलरच्या बाजूला, गुरांच्या पाठीवर. ही सगळी आयुष्यं एलसीएत धरायची तर मोजायची कशी, हा माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा विषय आहे, त्यावर परत कधीतरी.

पण तागाला सोवळं समजू नका. नव्या पोत्याला रॉकेलसारखा वास येतो, आठवतोय? व्हेलच्या तेलाची जागा पुढे खनिज तेलाने घेतली, धागा मऊ करायला. त्यातले हायड्रोकार्बन धान्यात, कोकोत, कॉफीत उतरतात हे १९९० च्या दशकात युरोपच्या खरेदीदारांनी धरलं आणि १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्यूट संघटनेने खाद्यपदार्थांच्या पोत्यांसाठी मानक केलं: असे अंश एका किलो तागात १२५० मिलिग्रॅमच्या आत हवेत. मग तांदळाच्या कोंड्याचं तेल वगैरे वनस्पती तेलं वापरात आली. मी हा वास आयुष्यभर ‘गोदामाचा वास’ म्हणून घेतला होता.

आमच्याकडच्या कांद्याने तर तागाला केव्हाच टाटा केलाय. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, पाणी सोडतो; त्याला हवा लागते. शेतकरी लिलावाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुटा कांदा आणतो, वेष्टन नाहीच. पुढे व्यापारी तो जाळीच्या गोणीत भरतो. तिथे प्लास्टिकची जाळी कांदा कमी सडवत असेल, तर न सडलेल्या कांद्यामागचं पाणी, खत, डिझेल हे त्या जाळीच्या खात्यात जमा धरायला हवं. आतला माल वाया जाणं हे बऱ्याचदा वेष्टनापेक्षा महाग पडतं. धान्याला हे गणित वेगळं लागेल, द्राक्षाला आणखी वेगळं.

आणि वेष्टनच काढून टाकायचं असेल तर सायलो. २००७ पासून पंजाबातल्या मोगा आणि हरियाणातल्या कैथलच्या सायलोंमधून सुटा गहू खास वॅगनींनी दूरच्या शहरांत जातो, नवी मुंबईतही. पोतं नाही, सुतळी नाही, थप्पी नाही. एका टनामागे वेष्टन शून्य. मी हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “मग माणसं काय करतात तिथं?” मानेवर एवढं झालेल्या माणसाने हे विचारावं, याचं मला आधी आश्चर्य वाटलं. नंतर वाटेनासं झालं. त्या पोत्यांवर आमचं घर बांधलंय.

सिनॉप्सिसच्या नव्या मसुद्यात मी फंक्शनल युनिट दोन ठेवलीत. एक टन धान्य, हे एक. दुसरं, एका माणसाची एक उचल. दुसऱ्यासाठी अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं १९९१ चं उचलण्याचं समीकरण घेतलंय. त्यात सगळी परिस्थिती आदर्श असताना दोन हातांनी उचलायचं वजन २३ किलो धरतात, आणि ओझं जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर नसेल तर त्यातूनही वजावट होते. पाठीवर वाहण्यासाठी ते केलेलं नाही, त्यामुळे जसंच्या तसं चालणार नाही. पण त्या मापाने ५० किलोचं पोतंही दुपटीहून जास्त आहे, एवढं तरी ते दाखवतं.

समितीसमोर हे मांडलं तेव्हा एका सरांनी विचारलं की हे पॉलिमर सायन्स आहे की समाजशास्त्र. गाइड काही बोलल्या नाहीत. मी म्हणाले की ५० ऐवजी २५ किलोचं पोतं केलं तर धाग्याची जाडी, वीण, शिवण सगळं नव्याने ठरवावं लागेल, कारण टनामागे ताग आणखी वाढू द्यायचा नसेल तर तेवढ्याच तागातून चाळीस पोती काढायची आहेत. म्हणजे प्रत्येक पोतं २९० ग्रॅमच्या आत. तेवढ्यात ते थप्पीचा दाब सोसेल का, हा तर मटेरियलचाच प्रश्न आहे. त्यावर त्यांनी मान हलवली. होकार होता की नाही ते कळलं नाही, पण मसुदा पुढे गेला.

पुढच्या महिन्यात एक पोतं वॅगनपासून रेशन दुकानापर्यंत किती वेळा उचललं जातं ते मोजायला जाणार आहे. परवानगीचं पत्र दिलंय. तक्ता आबांना दाखवला, तर त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि एक रकाना कमी आहे म्हणाले. “किती वेळा उचललं ते लिहितेस, ते ठीक. खाली किती वेळा टेकवलं ते पण लिही. वॅगनीतलं पोतं दोघं जण पाठीवर देतात. जमिनीवरचं उचलायला गेलं की कंबर जाते.”

७५ सेंटिमीटर. तो रकाना मी वाढवलाय.